पिवळी रेघ आणि साहेबाचे ओटे

आमच्या देवगड तालुक्यात पाहुण्यांना विजयदुर्ग दाखवताना आरमार आणि वाघोटनची खाडी यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने किल्ल्यातल्या ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या आणि हेलियमचा शोध लावला, ही ती गोष्ट. ओटे खरे आहेत आणि साहेबही खरा आहे. साल मात्र जुळत नाही. ऑगस्टमधला इथला पाऊस पाहिलेल्या माणसाला तशी शंका यायलाच हवी. ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला होता, पण तेव्हा इंग्रज निरीक्षक जॉन हर्शेल जमखंडीला ढगांच्या फटीतून सूर्य पाहत होते, फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गाला आले ते जानेवारी १८९८ मधल्या ग्रहणासाठी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. या तीस वर्षांत त्यांच्या वाट्याला जे आले, ते दंतकथेत सांगितले जात नाही आणि मला तर तेच अधिक सांगण्यासारखे वाटते.

लॉकियर हे लंडनच्या युद्धखात्यात कारकून होते आणि खगोलशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला त्या काळी फक्त खग्रास ग्रहणातच दिसत, कारण एरवी आकाशाच्या झगमगाटात त्या बुडून जात. लॉकियर यांनी १८६६ मध्ये असा विचार मांडला की, आकाशाचा उजेड सर्व रंगांचा असल्यामुळे अनेक लोलकांतून नेला तर पसरत पसरत फिका होईल. पण ज्वाला जर तापलेल्या वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला राहील आणि त्या रेषा भर दिवसा उठून दिसतील. हे कोणत्याही निरीक्षणातून निघालेले अनुमान नव्हते. जे कोणी पाहिलेले नाही ते कसे पाहता येईल, याचे ते मनाशी रंगवलेले चित्र होते, आणि विज्ञानातली प्रतिभा म्हणतात ती मला अशाच ठिकाणी दिसते.

चित्र तयार होते, पण यंत्र तयार नव्हते. कारागिराकडून वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत आणि रेषांत फोडून दाखवणारे यंत्र, हाती यायला ऑक्टोबर १८६८ उजाडला, आणि मधल्या काळात ते ग्रहण होऊन गेले. गुंटूरला झान्सेन यांनी ग्रहणात इतक्या ठळक रेषा पाहिल्या की, ग्रहणाशिवायही त्या दिसतील हे त्यांच्या लगेच ध्यानात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. लॉकियर यांना त्या दिसल्या २० ऑक्टोबरला. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेले एकच पदक काढले. हा शेवट गोड खरा; पण दोन वर्षे एक कल्पना उराशी धरून यंत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला, दुसऱ्याने ती आधीच करून दाखवली हे कळते, तेव्हा त्याला काय वाटत असेल याची नोंद पदकावर नसते.

खरी कसोटी पुढे होती. स्वयंपाकघरात गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग सोडियमचा असतो आणि चांगल्या वर्णपटदर्शकातून पाहिल्यास त्यात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर दोन जुळ्या रेषा दिसतात. सूर्याच्या कडेवर लॉकियर यांना जी पिवळी रेषा दिसली ती ५८७.६ वर होती, म्हणजे जेमतेम दीड नॅनोमीटर बाजूला. एवढ्याशा फरकावरून पृथ्वीवर कोणालाच न सापडलेले मूलद्रव्य आहे असे म्हणण्याला छाती लागते. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर नाना प्रकार करून पाहिले, पण हायड्रोजन ती रेषा देईना. तरीही नवे मूलद्रव्य म्हणायला फ्रँकलंड धजावले नाहीत. हेलियम हे नाव मात्र रूढ होऊ लागले, आणि नाव आहे पण पदार्थ नाही अशा अवस्थेत ते मूलद्रव्य १८९५ पर्यंत, तब्बल सत्तावीस वर्षे राहिले. त्या वर्षी विल्यम रॅम्झी यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू तपासला, तेव्हा त्यात तीच पिवळी रेषा दिसली.

इथे थांबले तर ही धीराचे फळ मिळाल्याची कथा होईल. पण याच काळात याच माणसाने, याच जिद्दीने, दुसरी एक कल्पना धरून ठेवली होती. अतितप्त ताऱ्यांमध्ये मूलद्रव्ये फुटून अधिक साध्या द्रव्यांत विभागली जातात, असे लॉकियर मांडत राहिले. त्याचा पुरावा म्हणून वेगवेगळ्या मूलद्रव्यांत त्यांना ज्या समान रेषा आढळल्या होत्या, त्या अधिक बारकाईने पाहिल्यावर वेगळ्या ठरल्या, आणि रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना फारसे जुमानले नाही. हेलियमचा आग्रह आणि हा आग्रह यांत आतून काही फरक जाणवत असेल असे मला वाटत नाही. जिद्द आणि हट्ट ही नावे आपण निकाल लागल्यावर देतो. आग्रह धरणाऱ्याला तेव्हा ती सोय नसते.

त्यात पुन्हा ग्रहणांचा जुगार. डिसेंबर १८७० मध्ये लॉकियर सिसिलीला निघाले, तर किनाऱ्याजवळ जहाज खडकावर आदळले आणि ग्रहणाच्या वेळी ढग आले. त्याच ग्रहणासाठी झान्सेन वेढा पडलेल्या पॅरिसमधून बलूनमध्ये बसून निसटले आणि अल्जीरियात ओरानला पोहोचले, तिथेही ढगच. १८९६ मध्ये लॉकियर नॉर्वेला गेले आणि पुन्हा आभाळ भरून आले. मोहोर धरल्यावर आभाळाकडे पाहत बसणाऱ्या आपल्या हापूसच्या बागायतदाराला ही घालमेल समजावून सांगावी लागणार नाही.

दीड वर्षाने, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते विजयदुर्गाला उतरले. हेलियमचा निकाल तोपर्यंत लागला होता, त्यामुळे सिद्ध करण्यासारखे त्या बाबतीत काही उरले नव्हते. मेल्पोमेनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी हाताशी घेऊन कोणी कोणत्या क्षणी काय करायचे याच्या तालमी झाल्या. २२ जानेवारी १८९८, पौषातली अमावास्या. आभाळ निरभ्र राहिले आणि खग्रास अवस्थेच्या सुमारे दोन मिनिटांत सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे मिळाली. ओट्यांचा संबंध या दिवसाशी आहे. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो तो जरूर व्हावा, त्या निमित्ताने मुले वर्णपटाविषयी ऐकतात. पण २२ जानेवारीलाही कोणी तिथे जमावे असे मला वाटते, आणि हवेच्या दृष्टीनेही ते सोयीचे पडेल.

मूलद्रव्ये फुटण्याच्या त्या कल्पनेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ऊन ताऱ्यांत काही रेषा अधिक ठळक होतात, हे लॉकियर यांचे निरीक्षण बरोबर होते. त्यांनी लावलेला अर्थ चुकला होता. अणू दुसऱ्या द्रव्यांत फुटत नव्हते, उष्णतेने त्यांचे इलेक्ट्रॉन सुटत होते. कोणत्या तापमानाला आणि दाबाला ते किती सुटतील याचे गणित कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनी मांडले. सूर्याच्या वर्णावरणातील (बाहेरच्या वायूच्या थरातील) आयनीभवनावरचा, म्हणजे अशा इलेक्ट्रॉन सुटण्यावरचा, त्यांचा लेख ऑक्टोबर १९२० मध्ये छापून आला. लॉकियर त्याच वर्षी १६ ऑगस्टला वारले होते.