होळीचं पुरण आदल्या रात्रीच वाटून ठेवा

होळीच्या संध्याकाळी नैवेद्य वेळेत लागतो, आणि दुपारी डाळ शिजत घातली की घरात चिडचिड ठरलेली. पुरण आदल्या रात्री करून ठेवलं तर सणाच्या दिवशी लाटणं-भाजणंच उरतं, आणि त्याला घरातले सगळे हात लावतात. एक लाटतो, एक भाजतो, एक नुसताच चव बघत फिरतो.

आठ जणांना अर्धा किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ घ्या. मध्यम आकाराच्या वीसेक पोळ्या होतात. दोन तास भिजलेली डाळ तिप्पट पाणी, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घालून शिजवा. दाणा बोटांत अलगद चिरडला पाहिजे, कारण गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही आणि राहिलेले कणच लाटताना पोळी फोडतात. चाळणीवर निथळा, खालचा कट सारासाठी.

गूळ घातला की पुरण पातळ होतं. घाबरून पीठ वगैरे घालू नका, ढवळत राहा. उलथनं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतंच. जास्त आटलं तर चमचाभर दूध पुरतं. जायफळ, वेलची, थोडी सुंठ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार पुरण वाटणं म्हणजे दंडाचा व्यायाम.

दुसऱ्या दिवशी पुरण तासभर आधी फ्रिजबाहेर काढून मळून घ्या. थंड पुरण कणकेपेक्षा कडक असतं, म्हणून पारी फाटते. कणीक ४०० ग्रॅम, मीठ, दोन पळ्या तेल. रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल भिजवून दोन तास झाका. नाशिकच्या मार्चमधल्या कोरड्या हवेत वरून साय धरते, तेव्हा ओलं फडकं हवंच. कणकेच्या दुप्पट पुरण भरा, तांदळाच्या पिठीवर कडेकडेने हलक्या हाताने लाटा. तवा मध्यम तापलेला असू द्या: फार तापला तर डाग पडून आत कच्ची, मंद असेल तर पोळी वाळून कडक. पुरण तव्यावर सांडलं तर पुढची पोळी टाकण्याआधी पुसा, नाहीतर जळका वास सगळ्यांना लागतो. भाजलेल्या पोळ्या गरम असताना एकावर एक ठेवू नका, घाम धरतात.

साराला कांदा आणि सुकं खोबरं थेट जाळावर भाजा, लसूण आणि काळा मसाला घालून वाटा. नैवेद्याचं सार आधी बाजूला काढायचं असेल तर त्यात कांदा-लसूण नको. चिंच आणि लिंबाएवढा पुरणाचा गोळा घातला की चव जुळते. कट थोडा वेळ तसाच राहिला की दाटतो, त्यामुळे उकळताना वाटतं त्यापेक्षा पातळच ठेवा. कुरडया आणि भजी ऐनवेळी तळायच्या.

नाशकात खरा रंग रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात. धुळवडीला वीरांची मिरवणूक बघायला निघायच्या आधी उरलेल्या पोळ्या तुपावर कुरकुरीत परतून घ्या. कालच्या साराबरोबर त्या ताज्यांपेक्षा बऱ्या लागतात.