दीड हजार रुपये नेमके कुठे अडकतात

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यावर सरकारी योजनेचे दीड हजार म्हणजे किराणा, दळण, लेकराचं औषध. तेवढे हातात असले की मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ पैसे, घ्यावी लागत नाही. उचल नसली की दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरी ठरवताना बाईला ‘नाही’ म्हणता येतं. माझ्या मते या पैशाची खरी ताकद हीच.

पण ‘लाडकी बहीण’चे १,५०० किंवा पीएम किसानचे २,००० आले नाहीत की सगळे अर्जालाच दोष देतात. घोळ बऱ्याचदा आधार सीडिंगचा असतो, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जमा व्हायचे ते आधारशी जोडण्याचा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार हाताळणारी संस्था, तिच्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, शेवटी सीडिंग झालेली. नवं खातं उघडताना नकळत संमती दिली गेली, तर पैसे तिकडे वळतात आणि बाई जुनंच पासबुक भरून घेत राहते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. बँक चुकीची निघाली तर हव्या त्या शाखेत संमती अर्ज द्या, पोच घ्याच.

पैसे जमा झाले तरी काढताना अडतं: कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, आधारवर पैसे देणारं मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावा. व्यवहार फेल झाला तरी पावती मागा. पैसे कापले गेले असतील तर तक्रारीला तीच लागते.