लॅपोनाइटचं जेल आणि माझी पीएचडी

केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी म्हटलं की लोकांना रिअॅक्टर आणि उंच कॉलम आठवतात. पवईच्या लॅबमध्ये माझं सगळं काम मात्र चमचाभर जेलवर झालं.

माझ्या गाइड मॅडमनी हाती दिलं ते लॅपोनाइट, म्हणजे कृत्रिम चिकणमाती. तिचे कण चकतीसारखे, साधारण 25 ते 30 नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम 1 नॅनोमीटर जाड. पाण्यात 3 टक्के घालून ढवळलं की पातळ, पारदर्शक मिश्रण होतं. झाकून ठेवून द्यायचं. पुढे ते असं धरतं की बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तापवायचं नाही, वरून काही घालायचं नाही!

पण बसल्या जागी घट्ट होत जाणारा पदार्थ मोजायचा कसा? सकाळचं रीडिंग एक, जेवून आल्यावर दुसरंच. मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "अगं, याचं वय कुठे लिहिलंयस?"

मग पद्धत बसली. नमुना रिऑमीटरच्या, म्हणजे पदार्थ किती घट्ट आणि किती वाहता ते मोजणाऱ्या यंत्राच्या, प्लेटवर ठेवायचा, कडेने सिलिकॉन तेल लावायचं. त्याने पाणी उडत नाही आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत शिरत नाही. तो शिरला की सामू उतरतो आणि कणच विरघळू लागतात. नंतर नमुना जोरात घुसळायचा, म्हणजे आतली जुळणी मोडते. तिथून घड्याळ शून्यावर. पुढे हलके हेलकावे देत जी प्राइम आणि जी डबल प्राइम बघत बसायचं. पहिला आकडा स्थायूपणाचा, दुसरा द्रवपणाचा. आधी दुसरा वर असतो, मग पहिला चढत जाऊन त्याला मागे टाकतो. स्क्रीनवर त्या रेघा छेदताना बघायला मी जेवणं सोडली आहेत. आणि जुनं जेल कितीही घुसळा, ते ताज्यासारखं होत नाही. थिसिसमधलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण यावरच आहे.

प्रोग्रेस सेमिनार, सिनॉप्सिस, व्हायवा रीतसर पार पडलं.

आता मीही मुंबईतच शिकवते. पहिल्या तासाला टूथपेस्ट नेते: ब्रशवर उभी राहते, ट्यूब दाबली की वाहते, असं का? फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांना 1991 चं भौतिकशास्त्राचं नोबेल अशाच मऊ पदार्थांवरच्या, म्हणजे लिक्विड क्रिस्टल आणि पॉलिमरवरच्या, कामासाठी मिळालं, हे ऐकल्यावर मुलं सावरून बसतात. माझ्याकडे पीएचडीला येणाऱ्यांकडून मी सुरुवातीला निकाल मागत नाही. नमुना कधी बनवला, कधी घुसळला, तापमान किती, हे प्रत्येक रीडिंगशेजारी लिहायची सवय आधी लावते.