वळ्यावरचा नांगर

बर्मिंगहॅममध्ये रविवारी सकाळी लोक मैदानात गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको झालेलं विकायला मांडतात. मी तिथे कुंड्या बघायला जातो. त्या दिवशी एका बिस्किटाच्या डब्यात गंजलेल्या चाव्यांखाली हा तंबाखू ओढायचा पाईप सापडला. पाच पौंड. मी ओढत नाही. आमच्याकडे तंबाखू म्हणजे आजोबांची चंची, ती त्यांच्याबरोबरच गेली.

"ओढायचा नाही, तर आणलास कशाला?" बायकोने विचारलं.

"वाचायला," मी म्हणालो.

खरंच वाचावाच लागतो. लाकडावरची कंपनीची अक्षरं कुणा उत्साही माणसाने घासघासून पार पुसली होती. टॉर्च आडवा धरला तरी एखादी रेघ तेवढी दिसे. जुन्या पाईपाचं सगळ्यात जास्त नुकसान वापरणारे करत नाहीत, चकचकीत करणारे करतात. पण दांड्यावर चांदीचं वळं होतं. भिंग लावलं, तर तीन बारीक ठसे: नांगर, चालणारा सिंह आणि छोटा 'पी'.

नांगर म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे. समुद्राचा पत्ता नसलेल्या या गावाला १७७३ साली चांदी तपासायचं कार्यालय मिळालं आणि खूण मिळाली नांगराची. म्हणे 'क्राऊन अँड अँकर' नावाच्या खानावळीत बैठका झाल्या होत्या आणि नाणेफेकीत मुकुट त्याच वेळी असं कार्यालय मागणाऱ्या शेफिल्ड शहराकडे गेला. गोष्ट खरी असो-नसो, छान आहे. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. आणि छोटा 'पी' म्हणजे वर्षाचं अक्षर; इथल्या त्या वेळच्या मालिकेत तो १९१४. अक्षर जुलैत बदलायचं, म्हणजे १५चा पूर्वार्धही त्यातच. सगळेच ठसे असे प्रामाणिक नसतात. डब्लिनच्या पीटरसन पाईपांच्या निकेलच्या वळ्यावर तीनपानी शॅमरॉक, कुत्रा आणि मनोरा असतो. बघणाऱ्याला वाटतं चांदी, असते ती कंपनीची नुसती निशाणी.

मग साफसफाई. तोंडात धरायची नळी दांड्यात घट्ट बसलेली. जोर लावला तर दांडाच चिरायचा. म्हणून पाईप रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारशेजारी. (यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) सकाळी नळी अलगद फिरली. तंबाखू जळते त्या वाटीतली काजळी खरवडली, पण सगळी नाही; पातळ थर ठेवावा, तो लाकडाला जाळापासून सांभाळतो. हे लाकूड ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याची मुळाशी धरलेली गाठ. वाटीत मीठ भरून वर स्पिरिट सोडलं. दुसऱ्या दिवशी मीठ कोऱ्या चहाच्या रंगाचं.

नळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून शिजवलेलं रबर. उन्हाने ते शेवाळी पडतं. ओल्या पॉलिशपेपरने घासायला लागलो, तर गंधकाचा असा भपकारा आला की एकदम दिवाळी; चाळीच्या जिन्यात पोटॅशचा नळा आपटणारा मी.

नळीच्या टोकाशी दातांचे खड्डे होते. वरती दोन उथळ, खाली डावीकडे एक खोल. न राहवून नळी तोंडात धरून बघितली. माझे दात कुठेच बसेनात. मग जाऊन दोनदा ब्रश केला.

व्हल्कनाइट तापवलं की मूळ आकाराकडे परत जातं, म्हणून टोक उकळत्या पाण्यात धरलं. वरचे दोन खड्डे डोळ्यांदेखत फुगून सपाट झाले. खालचा थोडा भरला आणि अडून बसला. काळी पूड आणि गोंद घालून तो बुजवता येतो. मी गोंद आणलाही होता. तो शेवटी चपलेला वापरला.

आता पाईप चष्म्याच्या जुन्या डबीत असतो. पाहुणे आले की बायकोच काढून दाखवते. "हा १९१४चा बरं का."

"वळं १९१४चं," मी स्वयंपाकघरातून ओरडतो. "वळी चीर झाकायला नंतरही बसवत."

"बघा," ती पाहुण्यांना म्हणते, "आणि म्हणे वाचायला आणलाय."