जुन्या अल्टोचे ब्रेक: कमी खर्चातील कामांची नोंद

पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती), मागे ड्रम ब्रेक आणि चाके लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसचा पत्ता नसलेल्या माझ्या अल्टोला बेळगाव शहरात ब्रेक पुरतात. जांबोटी, कणकुंबी करत गोव्याकडे चोर्ला घाट उतरू लागले की त्यांची खरी परीक्षा होते. माणसांसह नऊशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर ब्रेकमध्ये साधारण १२५ किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी सहाशे मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे ५,३०० किलोज्यूल ऊर्जा, म्हणजे चाळिसाहून अधिक वेळा थांबण्याइतकी, जिरवावी लागते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन त्यातील बराच भाग स्वतःकडे घेते. वरच्या गिअरमध्ये गाडी सोडून दिल्यास जवळजवळ सगळा भार ब्रेकवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर पडतो. हा हिशेब मांडल्यावर कामांचा क्रम ठरवणे सोपे गेले.

पहिला खर्च टायरवर केला. कोरड्या रस्त्यावर पॅडल जोरात दाबल्यावर चाके लॉक होत असतील, तर ब्रेकचा जोर अपुरा नसतो, टायरची पकड अपुरी असते. घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरच्या पकडीचे माप, ०.८ धरला, तर ६० च्या वेगावरून गाडी साधारण १८ मीटरांत थांबते; तो ०.६ वर आला की हेच अंतर २४ मीटरांच्या घरात जाते. हंगामात चिकोडी-निपाणी पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर येतो, तेव्हा या सहा मीटरांची किंमत कळते. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकड्यात आधी आठवडा आणि मग वर्ष असते. नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले असू शकते, हे त्यावरून ताडता येते. केवळ दिसण्यासाठी जास्त व्यासाचे टायर मात्र बसवू नयेत, कारण चाकाचा व्यास वाढला की तोच ब्रेक रस्त्यापाशी कमी जोर देतो.

त्यानंतर ब्रेक ऑइल बदलले. टाकीतले जुने ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. हे द्रव हवेतील ओलावा शोषते आणि आपल्याकडील पावसाळा पाहता त्याला ओलाव्याची ददात नाही. ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. ओलावा शोषल्यावर या मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. घाटात ऑइल उकळून वाफ झाली की पॅडल मऊ पडते, कारण वाफ दाबली जाते आणि द्रव दाबले जात नाही. म्हणून डॉट ४ भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. दर दोन वर्षांनी हे काम करावे. सिलिकॉनवर आधारलेले डॉट ५ यात मिसळू नये, आणि साधे ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उचलला जातो.

सर्वांत मोठा फरक मात्र सर्वांत स्वस्त कामाने पडला. डाव्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्याची, खालची सरकती पिन हाताने हलेना. पिनवरचे रबरी आवरण (बूट) फाटून खानापूरकडची लाल माती आत गेली होती आणि पिनवर तपकिरी गंजाचा थर चढला होता. परिणामी आतले पॅड जवळजवळ संपले होते, तर बाहेरचे निम्म्याहून अधिक शिल्लक होते. म्हणजे इतके दिवस एकच बाजू झटत होती. पिन साफ करून नवा बूट बसवला आणि सिलिकॉन ग्रीस लावले. साधे पेट्रोलियम ग्रीस येथे चालत नाही, कारण त्याने रबर फुगते. मागच्या ड्रममध्ये, ड्रमला आतून घासणाऱ्या शूचे अंतर जुळवणारा ॲडजस्टर गंजून एकाच जागी बसला होता. तो मोकळा करून शू ड्रमजवळ आणल्यावर पॅडलचा रिकामा प्रवास निम्मा झाला. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

भोके पाडलेल्या डिस्क घेण्याचा आग्रह अनेक जण करतात. या गाडीसाठी मला तो खर्च अनाठायी वाटतो. भोकांपासून तडे जातात आणि उष्णता साठवणारे ओतीव लोखंड तेवढे कमी होते. बेळगावच्या उद्यमबागेत लेथची कामे करणारी वर्कशॉप भरपूर असल्याने डिस्कचे पृष्ठभाग सपाट करून घेणे सोपे आहे. डिस्कवर कोरलेली किमान जाडी मात्र आधी मोजून पाहावी आणि ती राहणार नसेल तर नवी साधी डिस्क घ्यावी. माझ्या डिस्क अजून त्या मर्यादेच्या वर असल्याने लेथवरचे काम करून नवी पॅड बसवली आहेत. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत वेग पुन्हापुन्हा कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही, मधे डिस्क थंड होऊ द्यायच्या, असे ती मुरवणे चालू आहे.

पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची तपासणी फुकटात होते. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास आधी व्हॅक्यूमचा पाइप पाहावा.

उरले आहेत ते पुढच्या ब्रेकपर्यंत ऑइल नेणारे रबरी होज. वाकवल्यावर त्यांवर बारीक चिरा दिसतात, म्हणून पावसाआधी ते बदलायचे आहेत. स्टीलची जाळी असलेले होज पॅडल थोडे कडक करतात, पण या खर्चात कंपनीच्या मापाचे नवे रबरी होजच बसतात. ते झाले की घाट उतरून खाली गोव्यातल्या केरीत दोन्ही डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजणार आहे; डाव्या-उजव्या बाजूंत मोठा फरक निघाला, तर कॅलिपर पुन्हा उघडावा लागेल.