आमची वाटचाल: वाळूजचे टर्बिनाफिन

टर्बिनाफिन, म्हणजे बुरशीच्या संसर्गावरचे औषध, करणारे पुष्कळ आहेत. सिस आयसोमर (त्याच रेणूचे वेगळ्या मांडणीचे, नको असलेले रूप; औषध ते ट्रान्स) आटोक्यात ठेवणारे म्हणून वाळूज एमआयडीसीत आमचे नाव घेतात, आणि ते स्वस्तात मिळालेले नाही.

काम तेच, 1975 चे, जपानी रसायनशास्त्रज्ञ सोनोगाशिरांच्या जोडणीचे: व्हायनिल क्लोराईड (औषधाचा क्लोरीन असलेला तुकडा), टर्शरी ब्यूटिल ॲसिटिलीन, ब्यूटिलअमाईन, आणि उत्प्रेरक म्हणून अर्धा मोल टक्का पॅलेडियम, दोन मोल टक्के कॉपर आयोडाईड. जोडणीत सुटणारे ॲसिड अमाईनने उचलायचे. अमाईन कमी पडले की बॅच अडली. हे ॲसिटिलीन 37-38 अंशांना उकळते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर! म्हणून ड्रम कोल्ड रूममध्ये, चार्जिंग पहाटे, कंडेन्सरला ब्राइन (थंड मिठाचे पाणी), डिप पाइप द्रवाच्या पातळीखाली. नायट्रोजनचा स्पार्जर (बुडबुडे सोडणारी नळी) तळापर्यंत हवा. नुसते वरून ब्लँकेट दिले तर विरघळलेला ऑक्सिजन आतच राहतो आणि तांबे ॲसिटिलीनला ॲसिटिलीनच जोडून डायाइन (वाया गेलेली जोडी) करते. कॉपर आयोडाईड तपकिरी आले तर बाटली परत करा, सप्लायर काही म्हणो.

मग एका कारखान्याने दर असा पाडला की आमच्या ऑर्डरी आटल्या, रिॲक्टर कोरडे पडले, बँकेचा हप्ता थकला. युक्ती साधी होती: व्हायनिल क्लोराईड ज्यापासून करतात ते डायक्लोरोप्रोपीन सिस-ट्रान्स मिश्र घ्यायचे. पॅलेडियम भूमिती सुधारत नाही. सिस आत गेला की सिसच बाहेर येतो. हायड्रोक्लोराईडच्या स्फटिकीकरणात थोडा निघतो, सगळा नाही. चिकलठाण्याच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने तेवढे एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिले आणि महाग असूनही आमच्याकडेच राहिले. त्यांच्यामुळे तगलो. बाकीचे सावकाश परतले, तेही 90 दिवसांच्या उधारीवर.

आता सगळ्यांना पॅलेडियम 10 पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत हवे. तोंडी औषधाची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम. रोज 250 मिलिग्रॅमची एक गोळी धरली तर हिशेबाने 400 पीपीएम बसतात. पण खरेदी खात्याशी कोण वाद घालणार? तांब्यासाठी अमोनियम क्लोराईडचे वॉश, निळेपणा जाईपर्यंत. मग चारकोल, शेवटी थायॉल सिलिका (धातू धरून ठेवणारी गंधकयुक्त सिलिका).

नव्यांनी एवढे ऐकावे: हायफ्लोचा (गाळण्याच्या पावडरीचा) केक कोरडा पडू देऊ नका, त्यात कॉपर ॲसिटिलाईड असू शकते आणि ते सुके असताना स्फोट होऊन फुटते. ओलाच काढा, ओलाच ठेवा. आणि पॅलेडियमचा चारकोल भंगारवाल्याला किलोवर विकू नका. नमुना तपासून, धातूच्या टक्क्यावर विका.