तीन आठवड्यांचं फॉरेन

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणी फॉरेनला शिकायला निघालं की त्याचा अर्थ ठरलेला असतो. दोन वर्षांची मास्टर्स, बँकेचं कर्ज, घराची कागदपत्रं गहाण, आणि नंतर नोकरीही तिकडंच. निरोपाला गल्ली लोटते, हार पडतात, आईच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. म्हणून जपानची कॉलेजातली एक पोरगी तीन आठवडे भारतात 'शिकायला' आलीय आणि त्यातले दोन-चार दिवस आपल्याकडं राहणार आहे, असं मी सांगितल्यावर टॉवेलचा कारखाना चालवणारे मामा हसले. "तीन आठवड्यात काय शिकतंय गं माणूस? तेवढ्यात आमच्याकडचं नवं पोरगं तुटलेल्या धाग्याला नीट गाठ मारायला पण शिकत नाही."

मी घरी बसून जपानी भाषांतराची कामं करते, आणि अशा विद्यार्थ्यांचे गट आले की पुण्याची मंडळी दुभाषी म्हणून मला बोलावतात. त्यामुळं मामांचा प्रश्न मला नवीन नाही. जपानमध्येही तो विचारला जातो, फक्त जरा सभ्य भाषेत.

उत्तर तिकडच्या कॅलेंडरात आहे. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. परीक्षा आटोपल्या की फेब्रुवारी-मार्च मोकळे, आणि उन्हाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबर. या दोन फटींमध्येच सगळं बसवायचं. कारण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नोकरीची शर्यत लागते. नियमानुसार १ मार्चपासून कंपन्यांचे माहितीचे कार्यक्रम आणि १ जूनपासून मुलाखती. प्रत्यक्षात इंटर्नशिपच्या नावाखाली हा सगळा खेळ बराच आधी सुरू झालेला असतो. मग पदवी घेतली की बहुतेक सगळी पोरं एकाच दिवशी, १ एप्रिलला, कामावर हजर. अशा रांगेतून वर्षभर बाहेर पडायचं म्हणजे आपली जागा दुसऱ्याला देण्यासारखंच. २०१८ च्या शैक्षणिक वर्षात तिकडून सुमारे १ लाख १५ हजार विद्यार्थी परदेशी गेले, त्यातले जवळपास दोन तृतीयांश महिन्याच्या आत परतणारे होते. (कोरोनाच्या २०२० मध्ये हाच आकडा दीड हजाराच्याही खाली आला.) सरकारनं २०३३ पर्यंत ५ लाखांचं लक्ष्य ठेवलंय. शिष्यवृत्ती देणाऱ्या जास्सो या तिकडच्या संस्थेच्या योजनांमध्ये तर आठ दिवसांचा कार्यक्रमसुद्धा बसतो. आठ दिवस! आपल्याकडं तेवढे दिवस लग्नातच जातात.

पैशाचंही आहेच. २०१९ मध्ये एका डॉलरला ११० च्या आसपास येन लागायचे, २०२४ मध्ये दीडशेच्या वर गेले. अमेरिका-इंग्लंड परवडेना, म्हणून इंग्रजी शिकायला पोरं फिलिपिन्समधल्या सेबूला जातात, आणि थोडी धाडसी असली तर आपल्याकडं येतात. धाडस आई-बापांचं म्हणायचं. या मुलीच्या आईनं पोटाच्या गोळ्यांची एक वेगळी पिशवीच भरून दिली होती.

माझा राग असतो तो वेळापत्रकावर. सकाळी व्याख्यान, दुपारी कारखाना, संध्याकाळी नाच-गाणं, रात्री 'आज काय शिकलो' याची वही. मधे श्वास घ्यायला जागा नाही. परत गेल्यावर सादरीकरण, एक-दोन क्रेडिट, आणि पुढं नोकरीच्या मुलाखतीत हमखास येणाऱ्या 'विद्यार्थी असताना कशावर मेहनत घेतली' या प्रश्नाचं तयार उत्तर. मुलं हुशार आहेत, त्यांना हे सगळं कळतं. ही मुलगी तर पहिल्याच रात्री मला म्हणाली की माझ्या अहवालातली निम्मी वाक्यं मी विमानात बसायच्या आधीच लिहू शकले असते. मला ती तिथंच आवडली.

सोलापूरचं वेळापत्रक माझ्या हातात होतं, म्हणून त्यात मी फारसं काही ठेवलंच नाही. सिद्धेश्वराचं तळं, भुईकोट किल्ला, संपलं. कडक भाकरी-शेंगाचटणी तिनं खाल्ली, आवडली, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, मामींच्या शेजारणीशी कन्नड. पुण्यात पाठ केलेलं 'नमस्कार, कसे आहात' नेमकं कुणाला म्हणायचं, हे काही तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं म्हटल्यावर मात्र वही काढून पिंपं मोजली, कोणतं प्यायचं, कोणतं वापरायचं, सगळं विचारून घेतलं.

डॉ. कोटणीसांच्या स्मारकात न्यावं की नको, यावर घरात चर्चा झाली. मामी म्हणाल्या, कशाला उगाच, पाहुणी आहे, वाईट वाटेल. त्यांचंही बरोबर होतं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं ते जपानी आक्रमणातल्या जखमींवर उपचार करायला. त्यातले आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिकडंच राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. चीनची शिष्टमंडळं भैया चौकातल्या स्मारकात येत असतात. जपानी कुणी आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

शेवटी मी तिलाच विचारलं, सगळं सांगून. ती म्हणाली, जाऊ या. तिथं प्रत्येक फोटोपाशी थांबली. कोणत्या साली कुठं होते ते मी जपानीत सांगत गेले, आणि 'जपानी सैन्य' हे शब्द दर दुसऱ्या वाक्यात येत होते. मीच दोनदा अडखळले, ती नाही. बाहेर पडल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बाकीचे चौघे परत आले?" आले, म्हटलं. "मग घरी यांच्याबद्दल विचारल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल?" हा प्रश्न सोलापुरात जन्म काढून मला कधी पडला नव्हता.

खरी मजा मामांच्या कारखान्यात झाली. ही मुलगी एहिमे प्रांतातली, म्हणजे इमाबारी ज्या प्रांतात आहे तिथली. इमाबारी हे जपानचं टॉवेलचं गाव, आणि तिची आजी तिथल्या एका टॉवेल कारखान्यात शिलाईला होती. चीन-व्हिएतनामच्या स्वस्त मालानं तिथले बरेच कारखाने बंद पडले, तेव्हा उरलेल्यांनी एकत्र येऊन २००६ मध्ये 'इमाबारी टॉवेल' हा ब्रँड उभा केला. लाल-निळं-पांढरं लेबल, आणि ते लावायचं तर चाचण्या पास व्हायलाच पाहिजेत. त्यातली एक फार साधी आहे. टॉवेलचा सेंटिमीटरभर तुकडा पाण्यावर ठेवायचा, पाच सेकंदात बुडला पाहिजे.

हे ऐकल्यावर मामा गप्प बसणार होते थोडंच. कात्री आली, पाण्याचा स्टीलचा तांब्या आला, माग थांबवून, मागांची देखभाल करणारा जॉबरसुद्धा बघायला आला. नव्या कोऱ्या टॉवेलचा तुकडा मामांनी अलगद सोडला. एक, दोन, तीन, चार, पाच. तुकडा आरामात तरंगतोय. दहा झाले. जॉबर तेलुगूत काहीतरी पुटपुटला, ते मी जपानीत केलं नाही.

"धुतल्यावर बुडतो की!" मामा म्हणाले. खरंच आहे ते. हात लावला की मऊ लागावा म्हणून शेवटी सॉफ्टनर देतात, तोच पाण्याला आडवा येतो. मामी घरातला वापरातला टॉवेल घेऊन आल्या, त्याचा कोपरा कापला (हे त्यांनी मामांना अजून माफ केलेलं नाही), आणि तो तीन म्हणायच्या आत तळाला गेला. मग मामांची आणि त्या मुलीची जी जुंपली! गिऱ्हाईक दुकानात बोटानं दाबून बघतं, पाण्यात बुडवून नाही, हा मामांचा मुद्दा. मग दुकानातच तांब्या ठेवायला हवा, हा तिचा. पाण्यावरूनही झालं; तिकडचं पाणी मऊ म्हणून धुलाई चांगली होते, आमचं बोअरचं क्षाराचं. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे हे मामांनी अभिमानानं सांगितलं. तिनं विचारलं, मग त्यासाठी चाचणी कोणती घेता? मामांनी चहा मागवला.

दुभाषी म्हणून माझं डोकं त्या दिवशी पार शिणलं, पण तिची वही भरली, आणि त्या पानांवर विमानात बसायच्या आधी लिहिता आलं असतं असं एकही वाक्य नव्हतं. तीन आठवड्यात भाषा येत नाही, देश कळत नाही, हे मामांचं म्हणणं मला मान्यच आहे. पण आजीच्या कारखान्याचा प्रश्न घेऊन आलेल्या पोरीला एक दुपारसुद्धा पुरते. प्रश्न न घेता आलेल्याला वर्षही कमीच.

ती गेल्यावर मामांनी हळूच विषय काढला. त्यांची धाकटी टेक्स्टाइलचा डिप्लोमा करतेय. "आपल्या पोरीला असं थोड्या दिवसांसाठी तिकडं जाता येतं का गं? कर्ज-बिर्ज न काढता?" मी त्यांना साकुरा सायन्सबद्दल सांगितलं. २०१४ पासून जपान आशियातल्या तरुणांना थोड्या दिवसांसाठी बोलावतं, भारतातलीही मुलं जातात. मात्र आपण थेट अर्ज करायचा नसतो, तिकडच्या एखाद्या संस्थेनं बोलवावं लागतं.

"मग त्या पोरीच्या मास्तरला लिही की."

लिहिलंय. तिकडं सत्र एप्रिलमध्ये सुरू होईल, तोवर उत्तराची घाई नाही. धाकटीचा पासपोर्टचा अर्ज मात्र मामांनी कालच भरायला लावला.